बिअरच्या रिकाम्या बाटल्यांत घरचे फसफसते पेय भरणे कितपत योग्य?

धागाकर्ते : सीनाकाठ

गेल्या वर्षीचे सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे दोन महिने आम्ही दोघे इंग्लंडमध्ये, हेरफर्डजवळच्या एका खेड्यात मुलीकडे राहिलो. तिच्या परसात सफरचंदाची चार जुनी झाडे आहेत आणि त्यांची फळे इतकी तुरट असतात की पहिल्याच घासाला जीभ वाळून जाते. तिकडची माणसे ही फळे खात नाहीत. ती ठेचून, दाबून रस काढतात आणि तो आंबवून त्याचा सायडर करतात. आदल्या वर्षीचा तयार सायडर जावईबापूंनी माझ्या देखत बाटल्यांत भरला. त्या सगळ्या बाटल्या बाजारातल्या बिअरच्या, वर्षभरात रिकाम्या झालेल्या आणि धुऊन ठेवलेल्या होत्या. लेबले सोलणे, बाटल्या विसळणे आणि बुचे दाबणे ही कामे माझ्याकडे आली आणि मला ती मनापासून आवडली. निघताना त्यांनी बूच दाबण्याचे तरफेचे यंत्र आणि पत्र्याची दोनशे दातेरी बुचे माझ्या सामानात घातली.

आता सोलापुरात परतल्यावर ते यंत्र स्वस्थ बसू देत नाही. ओळखीच्या एका परमिट रूमवाल्याने ६५० मिलिलिटरच्या साठ तपकिरी बाटल्या काढून दिल्या आहेत. सायडरची सफरचंदे इथे नाहीत, पण डाळिंबाला तोटा नाही. डाळिंबाचा रस, थोडे आले, साखर आणि बेकरीत मिळते ते यीस्ट एकत्र करून दोन दिवस आंबवावे, मग बाटलीत भरून बूच दाबावे आणि बाटलीतच वायू धरू द्यावा, असा बेत आहे. गड्ड्याची यात्रा नुकतीच आटोपली आहे आणि हवा अजून गार आहे, तोवर हे उरकावे असे वाटते. या बाटल्या पुन्हा वापरण्यास योग्य आहेत काय, त्या स्वच्छ कशा कराव्यात आणि आपल्या उन्हाळ्यात त्या कुठे ठेवाव्यात, याविषयी जाणकारांनी लिहावे.

प्रतिसाद : कडकभाकरी

काका, माहिती माझ्याकडे काहीच नाही, परंतु बिअरच्या साठ रिकाम्या बाटल्या रिक्षातून उतरवताना शेजाऱ्यांना आपण काय सांगितलेत, हे कळल्यास उपकृत होईन.

प्रतिसाद : दूरदेशी

मी मूळचा सोलापुरातल्या होटगी रस्त्याचा असून गेली अकरा वर्षे आपल्या जावयांच्याच परगण्यात राहतो आणि दर शरद ऋतूत दोन पिंपे सायडर करतो, म्हणून बाटल्यांविषयी अनुभवाचे तेवढे लिहितो.

बिअरची बाटली सायडरला चालते, कारण ती मुळातच वायूचा दाब धरण्यासाठी घडवलेली असते. वाइनची साधी बाटली तशी नसते. ती कितीही जाड दिसली तरी तिच्यात फसफसते पेय कधीही भरू नये. शॅम्पेनची बाटली मात्र बिअरच्या बाटलीहूनही बळकट असते. तिच्या आतला दाब वातावरणाच्या पाच-सहा पटींपर्यंत जातो, म्हणून तिचे बूड आत दाबलेले आणि काच जड असते.

बाटली निवडताना मी सर्वप्रथम तोंड पाहतो. ओपनरने उघडायच्या बाटलीचा ओठ गुळगुळीत आणि गोल असतो, तर हाताने फिरवून उघडायच्या बाटलीच्या तोंडाला आटे असतात. आट्यांच्या बाटलीवर घरगुती यंत्राने दाबलेले बूच नीट बसत नाही. वायू हळूहळू निसटतो आणि कधी ओठाचा टवकाही उडतो. अशी बाटली मी सरळ काचेच्या कचऱ्याच्या डब्यात टाकतो. दुसरी गोष्ट मापाची आहे. नेहमीचे बूच २६ मिलिमीटरचे असते, पण शॅम्पेनच्या आणि युरोपातल्या काही बिअरच्या बाटल्यांना २९ मिलिमीटरचे लागते आणि त्यासाठी यंत्राचा साचाही बदलावा लागतो. आपल्याला मिळालेली बुचे बहुधा २६ चीच असतील, तरी एक बूच बाटलीवर नुसते ठेवून पाहावे.

काचेच्या रंगाची चिंता करू नये. तपकिरी काच बिअरसाठी लागते, कारण हॉप्समधील, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधील, कडू द्रव्यांवर प्रकाश पडला की बिअरला उग्र दुर्गंधी सुटते. सायडरमध्ये किंवा डाळिंबात हॉप्स नसतात, त्यामुळे हिरवी किंवा पांढरी काचही चालते.

मात्र जावईबापू सायडर बाटलीत केव्हा भरतात, हे आपण बारकाईने पाहिले असेलच. रसातली सगळी साखर यीस्टने संपवल्यावर, हायड्रोमीटर (रसाची घनता मोजणारी नळी) १.००० किंवा त्याच्याही खाली उतरल्यावर आणि तो काही दिवस तिथेच स्थिर राहिल्यावर आम्ही बाटली भरतो. मग लिटरमागे मोजून सहा ग्रॅम साखर घालतो, आणि बाटलीत जो वायू तयार होतो तो केवळ त्या सहा ग्रॅमांचा असतो. आपल्या बेतात रस दोनच दिवस आंबवून भरायचा आहे, म्हणजे जवळजवळ सगळी साखर आत असतानाच बूच दाबायचे आहे. बाटली नवी असो वा जुनी, मला भीती या गोष्टीची वाटते.

प्रतिसाद : उत्तरकसबा

विषय काचेचा आहे हे मान्य करूनही एक गोष्ट आधी सांगणे माझ्या व्यवसायामुळे मला भाग आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ याच्या कलम १२ अन्वये परवान्याशिवाय मद्य तयार करण्यास मनाई आहे आणि कलम ६५ मध्ये त्यासाठी कारावासाची व दंडाची तरतूद आहे. घरच्या वापरापुरते थोडे केले, विकले नाही, हा बचाव या कायद्यात नाही. मद्य पिण्याचा परवाना जवळ असला तरी तो बाळगण्याचा व पिण्याचा असतो, तयार करण्याचा नव्हे. शिवाय कायद्यातील मद्याच्या व्याख्येत अल्कोहोल असलेले सर्व द्रव येतात, त्यामुळे ‘हे तर फळांचे पेय आहे’ असे म्हणून सुटका होत नाही.

इंग्लंडमध्ये घरच्या वापरासाठी सायडर करण्यास मोकळीक आहे, म्हणून जावयांचे काम तिथे रीतसर आहे. तेच यंत्र, त्याच बाटल्या आणि तीच कृती सोलापुरात आणली की गुन्हा होतो. तेव्हा बाटल्या जरूर वापराव्यात, परंतु आत काय भरायचे याचा फेरविचार करावा.

प्रतिसाद : सीनाकाठ

कडकभाकरी यांना : शेजाऱ्यांना मी खरे तेच सांगितले. त्यावर कोणाचाही विश्वास बसला नाही.

उत्तरकसबा साहेब, आपण वेळीच सावध केलेत याबद्दल आभारी आहे. मला मद्य करायचे नाही. मला हवा आहे तो फक्त जिभेवरचा चुरचुरीतपणा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांत अर्ध्या टक्क्याहून अधिक अल्कोहोल असलेल्या पेयालाच मद्ययुक्त पेय म्हटले आहे, असे वाचल्याचे आठवते. मग आंबवण्याचा काळ आणखी कमी केला, म्हणजे रसात यीस्ट घालून लगेच बाटली भरली आणि बाटलीत वायू धरताच ती फ्रीजमध्ये ठेवली, तर आपण त्या रेषेच्या आत राहणार नाही काय?

प्रतिसाद : दूरदेशी

राहणार नाही, आणि याचा हिशेब अगदी सरळ आहे. एका लिटर पेयात एक लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असेल तर त्याला आम्ही एक व्हॉल्यूम म्हणतो. बिअर साधारण अडीच व्हॉल्यूमची असते आणि त्याहून कमी वायूचे पेय आपल्याला मिळमिळीत वाटेल. यीस्टला एक व्हॉल्यूम वायू करायला लिटरमागे सुमारे चार ग्रॅम साखर लागते, आणि त्याच चार ग्रॅमांतून दोन ग्रॅम अल्कोहोलही तयार होते, म्हणजे आकारमानाने सुमारे पाव टक्का. वायूचा एक बुडबुडासुद्धा बाहेर जाऊ दिला नाही असे धरले, तरी दोन व्हॉल्यूमला अर्धा टक्का होतो आणि अडीच व्हॉल्यूमला ती रेषा ओलांडली जाते. भरण्यापूर्वी उघड्या भांड्यात दोन दिवस आंबवले तर वायू हवेत जातो आणि अल्कोहोल मात्र मागे राहते. यीस्टकडून बुडबुडे घ्यायचे तर अल्कोहोलही पदरात पडणारच.

प्रतिसाद : उत्तरकसबा

वरील हिशेबाला पुस्ती म्हणून लिहितो की, अर्ध्या टक्क्याची ती रेषा खाद्यपदार्थांच्या मानकांसाठी आहे. दारूबंदी अधिनियमातील व्याख्येत अशी टक्केवारी दिलेली नाही.

प्रतिसाद : माळरान

मी सांगोल्याकडचा डाळिंब उत्पादक आहे. बाग उतरवण्याआधी आम्ही रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब घेऊन गोडी तपासतो आणि चांगला पिकलेला भगवा हा डाळिंबाचा वाण पंधरा-सोळा ब्रिक्स दाखवतो. याचा अर्थ लिटरभर रसात साधारण दीडशे ग्रॅम विरघळलेले घन पदार्थ असतात आणि त्यांतील बहुतेक साखर असते. दूरदेशी यांच्या सूत्राने भागल्यास ही साखर तीस-पस्तीस व्हॉल्यूम वायूला पुरेल. वर काकांनी आणखी साखर घालायचे योजले आहे. एवढा वायू कोंडण्यास बिअरची बाटली नव्हे, गॅसचे सिलिंडर लागेल.

प्रतिसाद : भुईकोट

मी गिरणीत बत्तीस वर्षे बॉयलरवर होतो. दाबाखालच्या भांड्याकडे पाहण्याची आमची एक सवय असते : भांडे किती बळकट आहे हा प्रश्न दुसरा, आत दाब कशाने वाढतो आणि वाढल्यावर तो कुठून बाहेर पडतो, हा पहिला. बॉयलरला सुरक्षा झडप असते. वेळोवेळी त्याची पाण्याने चाचणी होते आणि ती कामाच्या दाबाच्या दीडपटीने घेतात; पाणीच वापरतात, कारण पाणी दबत नाही आणि भांडे फुटले तरी तुकडे उडत नाहीत. बाटलीला झडप नाही आणि आतला वायू दबलेला आहे, त्यामुळे ती फुटते तेव्हा काच भिंतीपर्यंत जाते.

आता धागाकर्त्यांचा तिसरा प्रश्न घेतो, जो सर्वांनी बाजूला ठेवला आहे आणि जो माझ्या मते सोलापूरपुरता सर्वांत महत्त्वाचा आहे. वायू थंड द्रवात अधिक विरघळतो आणि उष्ण द्रवात कमी. त्यामुळे बाटलीतील वायू तेवढाच राहिला तरी बाटली तापली की तो द्रवातून वर येतो आणि दाब वाढवतो. अडीच व्हॉल्यूमची बाटली फ्रीजमध्ये ४ अंशांवर असताना तिच्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण पाऊण वातावरण इतकाच अधिक असतो. २० अंशांवर, म्हणजे हेरफर्डच्या बऱ्यापैकी उबदार दिवशी, तो दोनच्या जरा खाली भरतो. ४० अंशांवर तो पावणेचारच्या आसपास जातो. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो आणि पत्र्याखालच्या माळ्यावर तर त्याहूनही वर. जावयांच्या फडताळात जी बाटली वर्षभर मुकाट उभी राहते, तीच बाटली इथे माळ्यावर ठेवली की दुप्पट दाब सोसत असते, आणि यात साखरेची चूक अजून धरलेलीच नाही.

ती चूकही धरून पाहू. ६५० मिलिलिटरच्या बाटलीला लिटरमागे सहा ग्रॅम या प्रमाणात चार ग्रॅम साखर पुरते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. कोणी घाईत दोन चमचे घातले तर, आंबतानाच विरघळून राहिलेला सुमारे एक व्हॉल्यूम धरून, बाटली चार व्हॉल्यूमवर जाते आणि ४० अंशांवर आतला दाब बाहेरच्यापेक्षा साडेसहा वातावरणांनी अधिक होतो. एका चमच्याचा हा फरक आहे.

शेवटी काचेकडे येतो. काच ओढीने तुटते आणि तुटण्याची सुरुवात पृष्ठभागावरच्या बारीक ओरखड्यापासून होते. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२१ मध्ये याचे गणित मांडले. म्हणून जुनी बाटली नव्या बाटलीहून कमजोर असते, मग तिची जाडी तेवढीच का असेना. आपल्याकडे बिअरच्या बाटल्या भंगारवाल्यांमार्फत गोळा होऊन पुन्हा कारखान्यात जातात, धुतल्या जातात आणि पुन्हा भरल्या जातात. यंत्राच्या पट्ट्यावर एकमेकींना घासून त्यांच्या खांद्यावर आणि बुडाजवळ पांढुरके, खरखरीत कडे उमटते. ज्या बाटलीवर असे कडे ठळक आहे ती बरीच फिरून आलेली आहे, असे समजावे आणि ती पाणी भरण्यास ठेवावी.

जुनी गोटी सोड्याची बाटली ज्यांनी हातात धरली असेल त्यांना फिरणाऱ्या बाटलीची काच कशी असावी हे सांगावे लागणार नाही. हायरम कॉड याने १८७२ मध्ये तिचे पेटंट घेतले. आतला वायूच गोटीला वर रेटून तोंड बंद ठेवतो, ही त्यातली युक्ती मला आजही बॉयलरच्या कोणत्याही झडपेपेक्षा देखणी वाटते.

प्रतिसाद : शेंगाचटणी

भुईकोट काकांनी दाबाचे सांगितले, मी धुण्याचे सांगते. फळप्रक्रियेचे प्रशिक्षण घेऊन आमचा बचत गट गेली सात वर्षे सरबते आणि स्क्वॅश करतो, त्यामुळे जुन्या काचेशी माझा रोजचा संबंध आहे.

बाटली घेण्यापूर्वी तिच्यात मधल्या काळात काय होते, हे विचारावे. परमिट रूममधून त्याच आठवड्यात रिकाम्या झालेल्या बाटल्या मिळाल्या हे उत्तम झाले. भंगारातून आलेल्या बाटलीत फिनेल, रॉकेल, टर्पेंटाइन किंवा संडास धुण्याचे ॲसिड भरलेले असू शकते, कारण आपल्याकडे रिकामी बिअरची बाटली कोणी वाया जाऊ देत नाही. अशी बाटली कितीही धुतली तरी अन्नासाठी घेऊ नये. कोरड्या बाटलीच्या तोंडाशी नाक नेऊन वास घ्यावा आणि शंका आली तरी बाजूला ठेवावी.

लेबलांसाठी धुण्याचा सोडा पुरतो. बादलीभर कोमट पाण्यात अर्धी वाटी सोडा विरघळवून बाटल्या रात्रभर बुडवून ठेवल्या की सकाळी कागदी लेबले आपोआप तरंगताना दिसतात. चंदेरी लेबलांना आणखी एक रात्र लागते. खाण्याचा सोडा वापरला तरी चालते, पण तो सौम्य असल्यामुळे काम रेंगाळते. कारखान्यांत कॉस्टिक वापरतात म्हणून घरी कोणी त्याच्या वाटेला जाऊ नये. आपल्याकडे बोअरचे पाणी जड असल्यामुळे सोड्यानंतर काचेवर पांढरी झिलई राहते. ती घाण नसून क्षार असतात, आणि पाण्यात चमचाभर लिंबूफूल टाकून विसळले की ती जाते. ज्यांच्याकडे नळाचे पाणी चार दिवसांनी येते त्यांनी हा सगळा उद्योग पाणी येण्याच्या आदल्या रात्री मांडावा, म्हणजे सकाळी विसळण्याची ददात राहणार नाही.

आतून घासण्यासाठी केसाळ ब्रश वापरावा आणि त्याची तार काचेला लागू देऊ नये. आमच्या आजी तेलाची बाटली वाळू घालून खळखळवत असत. काकांनी ओरखड्यांचे सांगितले ते वाचल्यावर लक्षात येते की, दाब धरणाऱ्या बाटलीला ही युक्ती घातक आहे. वाळूऐवजी मूठभर तांदूळ घालावेत. धुऊन झाल्यावर कापसाचा बोळा ओठावरून सावकाश फिरवावा. डोळ्याला न दिसणारा टवका असेल तर कापसाचा तंतू तिथे अडकतो. पुष्कळ जण धुतलेल्या गार बाटलीत उकळते पाणी ओततात. बाटलीची काच चाळीसएक अंशांचा अचानक फरक सोसते, त्यापुढे तडकते. म्हणून बाटल्या गार पाण्यात आडव्या ठेवून, खाली फडके घालून, पाणी त्यांच्यासकट तापवावे आणि त्यांच्यासकट निवू द्यावे.

आत काय भरावे, हेही सांगते. डाळिंबाच्या रसाचा पाक करावा, म्हणजे रस आणि साखर एकत्र उकळून, गाळून, निववून फ्रीजमध्ये ठेवावी, आणि वायू यीस्टकडून न घेता सोड्याच्या पाण्यातून घ्यावा. स्क्वॅश टिकण्यासाठी आम्ही केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) घालतो, पण डाळिंबाला ते घालू नये, कारण त्याने लाल रंग फिका पडतो. डाळिंब, जांभूळ, कोकम यांसाठी सोडियम बेंझोएट वापरतात. आठ दिवसांत संपवायचे आणि फ्रीजबाहेर काढायचे नाही, असे ठरवले तर कशाचीच गरज नाही.

प्रतिसाद : कडकभाकरी

सोड्याचेच पाणी घालायचे तर बूच दाबण्याचा खटाटोप कशासाठी, पेल्यातच का मिसळू नये, असा प्रश्न एका अडाण्यास पडला आहे.

प्रतिसाद : सीनाकाठ

कारण माझ्याकडे यंत्र आहे.

प्रतिसाद : भुईकोट

या उत्तराला तोड नाही, तरी ताईंच्या कृतीत एक खाच राहते. फळाचा रस कितीही उकळला तरी बाटली भरताना हवेतले यीस्ट आत जाऊ शकते, आणि साखरेचे पाणी उबेला मिळाले की ते काम सुरू करते. यासाठी भरलेल्या मालातली एक बाटली प्लास्टिकची ठेवावी, सोड्याची जुनी चालेल. ती इतर बाटल्यांच्या शेजारीच ठेवावी आणि रोज बोटांनी दाबून पाहावी. पहिल्या दिवशीपेक्षा ती कडक लागू लागली तर काचेच्या बाटल्यांतही तेच चालले आहे असे समजून, सगळ्या थंड असतानाच, तोंड दुसरीकडे करून आणि जाड फडके गुंडाळून उघडाव्यात.

फडक्यावरून आठवले म्हणून सांगतो. आमच्या घरी एका एप्रिलमध्ये कोणीतरी आल्याचे आंबवलेले पेय आठ बाटल्यांत भरून पलंगाखाली ठेवले होते. तिसऱ्या दुपारी त्यातली एक फुटली आणि तिच्या धक्क्याने शेजारच्या दोन फुटल्या. खोक्यावर योगायोगाने जुनी सोलापुरी चादर चौपदरी घडी घालून टाकलेली होती. संध्याकाळी ती झटकली तेव्हा तिच्या विणीत अडकलेली काच वाटीभर निघाली. ते ‘कोणीतरी’ मी स्वतः होतो आणि तेव्हा बॉयलरचे प्रमाणपत्र माझ्या खिशात होते.

प्रतिसाद : दूरदेशी

भुईकोट काकांच्या प्लास्टिकच्या बाटलीची युक्ती इकडेही सर्रास वापरतात. गोड सायडर हवा असणारे काही जण भरलेल्या बाटल्या गरम पाण्यात ठेवून यीस्ट मारतात, पण त्या तापमानाला आतला दाब भलताच वाढतो. मी एकदा करून पाहिले, भांड्यातच एक बाटली गेली, आणि तेव्हापासून मी कोरडा सायडरच पितो. कोणाला गोड लागत असेल तर त्याने पेल्यात साखर घालून घ्यावी.

रिकाम्या जागेविषयीही लिहितो. बाटली काठोकाठ भरू नये आणि अर्धीही ठेवू नये. बुचाखाली तीन-चार सेंटिमीटर जागा पुरते.

प्रतिसाद : उत्तरकसबा

बाटल्यांच्या काचेवर मद्य कंपनीचे नाव उठावाने कोरलेले असेल तर घरच्या वापरास अडचण नाही. शेंगाचटणी ताईंच्या गटाने अशा बाटलीतून माल विकावा, असा मात्र कोणी सल्ला देऊ नये. तिथे अन्न परवान्याचा आणि व्यापारचिन्हाचा, असे दोन्ही प्रश्न उभे राहतील.

प्रतिसाद : सीनाकाठ

तीन आठवड्यांनी लिहीत आहे.

साठ बाटल्या अंगणात उन्हात मांडून एकेक पाहिली. सोळांच्या खांद्यावर भुईकोट यांनी सांगितलेले पांढुरके कडे इतके ठळक होते की बोटाला खरखर लागत होती. नऊ बाटल्यांना आटे निघाले. त्या लहान होत्या आणि परमिट रूमवाल्याने मोजणी भरून काढण्यासाठी घातल्या असाव्यात. कापसाचा तंतू चार ठिकाणी अडकला आणि त्यांपैकी एकाही बाटलीचा टवका मला चष्मा लावूनही आधी दिसला नव्हता. एका बाटलीला फिनेलचा वास आला, तेव्हा ‘त्याच आठवड्यातल्या’ या शब्दावरचा माझा विश्वास थोडा कमी झाला. उरल्या तीस. हेरफर्डला मी शंभरएक बाटल्या धुतल्या तेव्हा असे काहीच पाहिले नव्हते. तिथल्या बाटल्या बहुधा एकदाच भरून विकलेल्या असतात, त्यामुळे तपासणीची सवय मला लागली नव्हती आणि बाटली म्हणजे फक्त स्वच्छतेचा प्रश्न, असे मी धरून चाललो होतो.

यीस्टचा बेत सोडला. पाक माळरान यांच्या सांगण्याप्रमाणे पिकल्या भगव्याचा केला, त्यामुळे साखर थोडी कमी घातली. सोड्याचे पाणी, पाक आणि बाटल्या तिन्ही रात्रभर फ्रीजमध्ये ठेवल्या. बाटलीत आधी पाक घातला, मग बाटली तिरपी धरून तिच्या कडेने सोडा सोडला. पहिल्या दोन बाटल्यांत फेस उसळून निम्मे पेय ओट्यावर गेले, कारण पाक तळाशी दाट बसला होता आणि सोडा मी वरून ओतला होता. तिसरीपासून हात बसला. फ्रीजमध्ये मावतात म्हणून आठच बाटल्या भरल्या आणि नववी प्लास्टिकची ठेवली. ती आज सहाव्या दिवशीही पहिल्या दिवसाइतकीच नरम आहे.

वायू हेरफर्डच्या सायडरपेक्षा कमी आहे, हे मान्य केले पाहिजे. ओतताना बराच निसटतो आणि पेल्यात बुडबुडे दोन-तीन मिनिटेच टिकतात. सोडा आणखी थंड असावा की पाक आणखी पातळ करावा, याविषयी ताईंनी सुचवावे. आट्यांच्या नऊ बाटल्या सोडून बाद झालेल्या एकवीस बाटल्यांपैकी कडेवाल्या सोळा सौभाग्यवतींनी तुळशीच्या कट्ट्याभोवती उलट्या पुरून घेतल्या आहेत आणि फिनेलवाली भंगारात परत गेली आहे. टवके उडालेल्या चार मात्र कुठे द्याव्यात हे ठरत नाही, कारण भंगारवाला त्या मोजून घेईल आणि त्या पुन्हा कोणाच्या तरी ओठाला लागतील. म्हणून त्या सध्या पोत्यात घालून फोडून ठेवल्या आहेत.

प्रतिसाद : शेंगाचटणी

पाक पातळ करावा, काका. एक भाग पाक आणि चार भाग सोडा हे प्रमाण ठेवावे आणि पाक भरण्याआधी गाळण्यातून दोनदा काढावा, कारण रसातला बारीक गाळच बुडबुड्यांना बाहेर पडायला जागा देतो. फोडलेली काच भंगारवाला वजनाने घेतो. तिच्या पोत्यावर ‘काच’ असे ठळक लिहून द्यावे.